एका डायलिसिस यंत्रावर किती पेशंट? आरोग्य व्यवस्थापनाच्या पदवीत नेमकं काय शिकतात

बारावीचा निकाल लागतो, नीटचे मार्क कमी पडतात आणि घरात विचारणा सुरू होते, ‘मेडिकल लाइनमध्ये अजून काय आहे?’ हल्ली यावर हमखास मिळणारं एक उत्तर म्हणजे हॉस्पिटल मॅनेजमेंट किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंटची पदवी. नाव ऐकलं की पालकांच्या डोळ्यांपुढे काउंटरमागे टाय लावून बसलेला मुलगा उभा राहतो. अभ्यासक्रमात ‘आरोग्य धोरण’ असा विषय दिसला तर तो मंत्रालयातल्या साहेबांसाठी असेल म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. या दोन्ही समजुतींपायी कॉलेज निवडतानाच गफलत होते.

व्याख्या बाजूला ठेवून आधी एक गणित करू.

हिमोडायलिसिसचं, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याचं, एक सत्र साधारण चार तासांचं. एक पेशंट उठल्यावर यंत्र निर्जंतुक करून दुसऱ्याला बसवायला अर्धा-पाऊण तास जातो. दिवसाला दोन पाळ्या, रविवारी सुट्टी, म्हणजे एका यंत्रावर आठवड्याला १२ सत्रं. किडन्या निकामी झालेल्या माणसाला सहसा आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. १२ भागिले ३, म्हणजे एका यंत्रावर ४ पेशंट. पण दारात सहा जण उभे आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदाच बोलावलं तर सहाही जण मावतात. मात्र दोन सत्रांमधले दिवस वाढले की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं, रात्री दम लागतो आणि पेशंट कॅज्युअल्टीत येतो.

आता प्रश्न बघा. तिसरी पाळी सुरू करता येईल का? त्यासाठी किती टेक्निशियन लागतील, रात्री नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) फोनवर तरी मिळेल का, रात्री अकराला सुटलेला पेशंट सोलापुरातून मोहोळला कसा जाईल? हे व्यवस्थापन. तिसरी पाळी होणारच नसेल तर चौघांना पुरेसं द्यायचं की सहा जणांना थोडं थोडं? पैसे पेशंटने भरायचे की सरकारने? हे धोरण. जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळावं म्हणून २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. पैसे कुणी भरायचे, या प्रश्नाला दिलेलं ते एक उत्तर होतं. यंत्र तेच आणि पेशंटही तेच आहेत, म्हणून हे दोन विषय एकाच पदवीत शिकवले जातात.

याच यंत्राला सोलापुरात आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे पाणी. डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रावण यंत्रातून जातं. चार तासांचे झाले १२० लिटर. दहा यंत्रं आणि दोन पाळ्या धरल्या तर रोज २,४०० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. आरओमध्ये बराच हिस्सा वाया जात असल्याने कच्चं पाणी त्याहून पुष्कळ जास्त हवं. नळाला दर काही दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात याचा अर्थ काय होतो? चार दिवसांआड पाणी धरलं तर नुसतं शुद्ध पाणीच साडेनऊ हजार लिटरच्या पुढे जातं, आणि टाकीचा हिशोब मात्र कच्च्या पाण्यावर करावा लागतो. टँकरचं पाणी घेतलं की त्यातले क्षार वेगळे असतात आणि आरओची जाळी लवकर तुंबते. नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवलं असेल तर कार्बन फिल्टर रोज तपासावा लागतो. त्यातून सुटलेलं क्लोरामिन डायलिसिसच्या पाण्यात गेलं तर पेशंटच्या लाल रक्तपेशी फुटतात. ही तपासणी डॉक्टर करत नाहीत. ती कोण करणार, किती वाजता करणार आणि कोणत्या रजिस्टरात सही करणार, हे ठरवून देणं आणि ते रोज घडतं का हे बघणं, हे या पदवीच्या माणसाचं काम.

तीन-चार वर्षांत काय काय असतं

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांची, किमान १२० क्रेडिट. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, किमान १६० क्रेडिट. पहिल्या वर्षी व्यवस्थापनाची तत्त्वं, हिशोब, संख्याशास्त्र, शरीररचनेची तोंडओळख आणि वैद्यकीय शब्दावली असते. दुसऱ्या वर्षी रुग्णालयाचे विभाग, खरेदी आणि स्टोअर, मनुष्यबळ, मेडिकल रेकॉर्ड, रोगपरिस्थितीविज्ञान (एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग कुठे, कुणाला आणि का होतात याचा अभ्यास), आरोग्य अर्थशास्त्र येतं. तिसऱ्या वर्षी कायदे, गुणवत्ता, विमा, धोरण आणि इंटर्नशिप. विद्यापीठाप्रमाणे क्रम बदलतो, गाभा बराचसा असाच राहतो.

मुलांना सगळ्यांत नकोसं वाटतं ते संख्याशास्त्र, आणि आमच्या मते या पदवीचा कणा तोच आहे. केसपेपरच्या खिडकीवर पाहा. समजा सकाळी ९ ते ११ या दोन तासांत २०० माणसं येतात आणि एक केसपेपर काढायला दीड मिनिट लागतं. एक खिडकी तासाला ४० केसपेपर काढते. अकरा वाजेपर्यंत ८० निघाले, १२० माणसं रांगेत. शेवटचा माणूस अजून तीन तास उभा, त्याचा नंबर दुपारी दोनला, आणि तोवर ओपीडी उठलेली. दुसरी खिडकी उघडली तर तासाला ८० निघतात, अकराला ४० उरतात आणि शेवटच्याला अर्धा तास थांबावं लागतं. कर्मचारी दुप्पट झाले, पण थांबणं तीन तासांवरून अर्ध्या तासावर आलं, म्हणजे सहापट घटलं. तिसरी खिडकी उघडली की रांग जवळपास लागतच नाही, तरी वाचतो तो फार तर अर्धा तास. हे मांडता आलं की प्रशासनाकडे ‘माणसं कमी आहेत’ अशी मोघम तक्रार न्यावी लागत नाही. ‘दुसरा क्लार्क फक्त ९ ते साडेअकरा द्या, तिसरा नको’ असं नेमकं मागता येतं. क्लार्क मिळणारच नसेल तर जुन्या पेशंटची रांग वेगळी करून दीड मिनिटाचं एक मिनिट करता येतं का ते पाहायचं. एका खिडकीवर तेवढ्यानेही शेवटच्याचं थांबणं तीन तासांवरून एक तास वीस मिनिटांवर येतं.

खाटांचं गणितही असंच. शंभर खाटांच्या रुग्णालयात ३० दिवसांच्या महिन्याला ३,००० खाट-दिवस उपलब्ध असतात. त्यांपैकी २,४०० वापरले गेले तर भरती ८० टक्के. महिन्यात ६०० पेशंट घरी गेले असतील तर सरासरी मुक्काम ४ दिवसांचा. हा मुक्काम साडेतीन दिवसांवर आणला तर ३०० खाट-दिवस मोकळे होतात, म्हणजे एकही खाट न वाढवता ८५ पेशंट जास्त घेता येतात.

पण मुक्काम कमी करायचा म्हणून पेशंटला लवकर घरी ढकलायचं नसतं. वेळ नेमका कुठे जातो ते शोधायचं. सकाळी दहाला राउंडमध्ये डॉक्टर ‘आज सोडा’ म्हणतात आणि पेशंट संध्याकाळी पाचला रिक्षात बसतो. मधले सात तास कुठे गेले? डिस्चार्ज कार्ड लिहायला रेसिडेंट मोकळा नव्हता. उरलेली औषधं मेडिकलला परत गेली नाहीत म्हणून बिल बंद होईना. एक लॅब रिपोर्ट सिस्टिमवर चढला नव्हता. कॅशलेसची अंतिम मंजुरी दुपारी मागितली. विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की सुरुवातीची कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यायची. पण घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाने कागद पाठवल्यावर. कागदच दोन वाजता गेले तर तो नियम पेशंटच्या काय कामाचा? आदल्या संध्याकाळीच ‘उद्या सुटणारे’ अशी यादी करून बिल तयार ठेवलं की निम्मा वेळ वाचतो.

योजनेचा कागद

सोलापूरच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट अभिमानाने आणि बारकाईने अभ्यासावी. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं तिचं संरक्षण आहे आणि राज्यात या दोन्ही योजना जोडून राबवल्या जातात.

बाहेरून हे ‘कार्ड दाखवा, ऑपरेशन फुकट’ इतकं सोपं दिसतं. आतून पायऱ्या अशा: आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, पेशंटची नोंदणी करून ओळख आणि पात्रता तपासतो. डॉक्टर आजाराला बसणारं पॅकेज ठरवतात. तपासण्यांचे रिपोर्ट जोडून पूर्वमंजुरी मागितली जाते, बोलीभाषेत ‘प्रीऑथ’. मंजुरी आली की उपचार, मग डिस्चार्ज, मग क्लेम, मग रुग्णालयाच्या खात्यात पैसे. प्रत्येक पायरीवर ‘क्वेरी’, म्हणजे हरकत, निघू शकते.

क्वेरी निघते ती बहुतेक वेळा क्षुल्लक कारणावरून. रेशनकार्डावर ‘लक्ष्मीबाई’ आणि आधारवर ‘लक्ष्मी’. ऑपरेशनच्या नोटवर तारीख आहे, वेळ नाही. स्टेंट किंवा प्लेट बसवली, पण तिच्या वेष्टनावरचं स्टिकर फाइलमध्ये न चिकटवता कचऱ्यात गेलं. हे स्टिकर बोटाएवढं असतं. त्यावर कंपनी, बॅच आणि अनुक्रमांक असतो. ते हरवलं की पेशंटच्या शरीरात नेमकं काय बसवलं याचा पुरावा उरत नाही आणि क्लेम अडकतो. असे क्लेम साचत गेले की रुग्णालयाची रोकड अडते, मग एखादं रुग्णालय योजनेचे पेशंट घ्यायला टाळाटाळ करू लागतं. त्याचा फटका बसतो तो त्या स्टिकरशी काही संबंध नसलेल्या अक्कलकोटच्या पेशंटला. म्हणून ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरच्या चेकलिस्टमध्ये ‘स्टिकर चिकटवलं’ ही एक ओळ घालणं फार मोलाचं काम आहे.

कुणाला कोणती योजना लागू, हा सोलापुरातला स्वतंत्र अभ्यास आहे. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला, नोंदणीकृत कारखान्यातला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येतो. त्याचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने वेगळा कल्याण निधी आणि दवाखाने उभे राहिले. शेजारच्या घरात रेशनकार्डवर फुले योजना आणि त्यापलीकडे खासगी मेडिक्लेम. त्यातच कलबुर्गी आणि विजयपूरकडचे पेशंट येतात, त्यांच्या राज्याची योजना निराळी. खिडकीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येतं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घेताना पेशंटला कळणारी भाषा लागते. तपासणीसाठी दिलेली संमती पुढच्या शस्त्रक्रियेला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. न समजता केलेली सही म्हणजे नुसता कागद.

धोरणाचा भाग

राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यांचा विषय आहे. केंद्र कार्यक्रम आखतं, पैशाचा वाटा देतं. जिल्हा परिषद, महापालिका आणि राज्याचा आरोग्य विभाग तो राबवतात. सोलापूरचं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, मेडिकल कॉलेजला जोडलेलं असल्याने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, शहरातले नागरी दवाखाने महापालिकेकडे. ‘सरकारी दवाखाना’ हा एकच शब्द आपण वापरतो, त्यामागे अशी वेगवेगळी दारं आहेत. कोणत्या कामासाठी कुठलं दार ठोठवायचं हे ठाऊक नसेल तर चांगली सूचनाही टेबलाटेबलावर फिरत राहते.

संरचनेचे आकडे तोंडपाठ हवेत. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण हजाराला एक आशाताई. आता हा निकष आषाढीच्या दिवसांत लावून पाहा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला आणि तुकाराम महाराजांची अकलूजला जिल्ह्यात शिरते, दोन्ही ठिकाणं माळशिरस तालुक्यात. तीस हजारांसाठी आखलेल्या केंद्राच्या हद्दीतून काही दिवसांत लाखो माणसं जातात. राहत्या लोकसंख्येवर बेतलेला निकष चालत्या लोकसंख्येला पुरत नाही, हे इतक्या ठळकपणे दाखवणारं उदाहरण दुसरीकडे क्वचितच मिळेल. औषधं, ॲम्ब्युलन्स, डॉक्टरांच्या नेमणुका, टँकर भरण्याच्या जागा हे सगळं महिनोन्‌महिने आधी ठरवावं लागतं.

आणि इतकं ठरवूनही सगळं येऊन ठेपतं विहिरीत टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरवर. चार मीटर व्यासाची गोल विहीर, पाणी तीन मीटर खोल: ३.१४ × ४ × ४ × ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर, ३७,७०० लिटर. बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम टीसीएल धरली तर ९४ ग्रॅम लागेल. पाणी गढूळ असेल तर जास्त. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी पातळ लगदा करायचा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची आणि चुना तळाशी बसू द्यायचा. वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. खालचा चुना टाकला तर पाण्याचा जडपणा वाढतो. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करून मोकळं क्लोरीन ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) आहे का ते पाहायचं, आणि रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर केला तर दुसऱ्या संयुगांतलं क्लोरीनही रंग देतं आणि पाणी सुरक्षित असल्याचा भास होतो.

चूक होते ती पुष्कळदा साठवणुकीत. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उघड्या पोत्यात, उन्हात, ओलीत ते उडून जातं. जलसुरक्षक मापाने पावडर टाकतो, रजिस्टर भरतो, तरी पाण्यात क्लोरीन शून्य. धोरण बरोबर, निधी खर्च, नोंद पूर्ण, आणि गावात गॅस्ट्रो. धोरणाच्या विद्यार्थ्याने या पोत्यापर्यंत जायला शिकलं पाहिजे.

पैशाचा एक आकडाही समजून घ्यावा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के लोकांनी थेट खिशातून भरला होता. २०२१-२२ मध्ये हा हिस्सा ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजारपण आल्यावर, त्याच वेळी, घरातून काढावे लागतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं, आणि २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. या दोन आकड्यांमधली दरी कुणाच्या घरात कशी दिसते, ते शोधणं म्हणजे आरोग्य अर्थशास्त्र.

प्रवेश घेण्याआधी

पदवीच्या नावात बीबीए, बीएमएस असेल तर २०२४-२५ पासून असे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आहेत आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी घेतली जाते. काही कॉलेजं तसाच अभ्यासक्रम दुसऱ्या नावाने चालवतात. नाव कोणतंही असो, पदवी विद्यापीठाची आहे ना आणि कॉलेजला त्या अभ्यासक्रमाची संलग्नता आहे ना, हे विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्या. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ नावाचा एक वर्षाचा खासगी डिप्लोमा पदवीच्या भाषेत विकला जातो, त्यापासून सावध राहा.

मग अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यात तीन शब्द शोधा: संख्याशास्त्र, रोगपरिस्थितीविज्ञान, आरोग्य अर्थशास्त्र. तिन्ही नसतील तर तुम्ही साधी वाणिज्य पदवी महागड्या नावाने घेत आहात. इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि कोणकोणत्या विभागांत, हे विचारा. ‘मोठ्या हॉस्पिटलांशी करार आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. तीन महिने नुसतं चौकशी खिडकीवर बसवलेल्या मुलाला मेडिकल रेकॉर्ड, स्टोअर, कॅशलेस डेस्क, क्वालिटी विभाग आणि जैववैद्यकीय कचऱ्याची खोली पाहायला मिळत नाही. कचऱ्याच्या खोलीत सुई पांढऱ्या डब्याऐवजी पिवळ्या पिशवीत गेलेली एकदा स्वतः पाहिली की सफाई कामगाराच्या हाताला काय होऊ शकतं ते नियम पाठ न करताही कळतं.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. या पदवीने कुणी डॉक्टर होत नाही, आणि सरकारी रुग्णालयांच्या प्रमुखपदी डॉक्टरच असतात. पदवीनंतरची सुरुवात बहुधा कॅशलेस डेस्क, फ्रंट ऑफिस, मेडिकल रेकॉर्ड, खरेदी किंवा क्वालिटी विभागातून होते. वरच्या जागांसाठी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन किंवा पब्लिक हेल्थमधली पदव्युत्तर पदवी लागते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि पुण्यातही असे अभ्यासक्रम आहेत. ज्याला पाचव्या वर्षाचा विचारच करायचा नाही, त्याने हा मार्ग निवडताना दोनदा विचार करावा.

आपल्याला हे काम आवडेल का, हे सुट्टीतच तपासता येतं. ओळखीच्या कुठल्याही दवाखान्यात परवानगी घेऊन एक सकाळ रांगेजवळ बसा. दर पंधरा मिनिटांनी दोन आकडे लिहा: आत्तापर्यंत किती आले आणि किती आत गेले. पेशंटची नावं किंवा आजार टिपू नका, नुसत्या वेळा. घरी येऊन दोन्ही रेघा एकाच आलेखावर काढा. कोणत्याही क्षणी त्या दोन रेघांमध्ये उभं अंतर जितकं, तितकी माणसं त्या वेळी थांबलेली आहेत. आडवं अंतर म्हणजे त्यातल्या एकाला लागलेला वेळ.